मुलांच्या हाताला लागणारी माती: भोसरी-चिखली-मोशीचा नकाशा कसा काढायचा?

मोशीची_माती

मंडळी, हा धागा काढायला मला दोन महिने लागले. आधी स्वतःचं डोकं शांत व्हायला हवं होतं.

माझी लेक चार वर्षांची आहे. हिमोग्लोबिन कमी होतं, आयर्नचं औषध देऊनही चढेना, म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासून घ्यायला सांगितलं. रिपोर्ट आला ९.१, म्हणजे एका डेसिलिटर रक्तात तेवढे मायक्रोग्रॅम. अमेरिकेतली सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था २०२१ पासून ३.५ च्या वरच्या मुलांकडे लक्ष द्या म्हणते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. शोधा म्हणजे कुठे? त्या रात्री मी घरातलं प्रत्येक भांडं हातात घेऊन बघत बसले होते.

माझं काम नकाशांचं आहे, जीआयएसचं. म्हणून सवयीने मी एमआयडीसीचे प्लॉट घेतले, प्रत्येकाभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढलं, त्यावर शाळा आणि अंगणवाड्या टाकल्या. नकाशा छान दिसत होता. पण आमची इमारत कुठल्याच वर्तुळात नव्हती.

मग सासूबाईंनी आठवण करून दिली. आमच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडायचे. ॲसिड तिथेच जमिनीवर ओतायचे, प्लेटा वेगळ्या काढायचे. तीन वर्षांपूर्वी शेड उठलं. आता तिथे मोकळी जागा आहे, दोन कडुलिंब आहेत, आणि संध्याकाळी सगळ्या इमारतीची पोरं तिथे भातुकली मांडतात. माझी लेक तिथल्या मातीचे लाडू वळते. हे शेड कुठल्या यादीत नव्हतं, त्यामुळे माझ्या नकाशातही नव्हतं.

तेव्हापासून मला वाटतंय की कारखान्यापासून सुरुवात करून पोरांपर्यंत यायचं, ही दिशाच चुकीची आहे. पोरांचे हात कुठे लागतात तिथून सुरुवात करून मागे जायला हवं. अंगणवाडीचं आवार, सोसायटीतली वाळू, नाल्याकाठची वाट, घराचा उंबरठा. असा नकाशा मला पिंपरी-चिंचवडच्या आमच्या भोसरी-चिखली-मोशी पट्ट्यासाठी करायचा आहे. माती किती खोल घ्यायची, कुठले धातू बघायचे, कुठे तपासायची, आणि निघालेलं लोकांसमोर कसं मांडायचं, हे जाणकारांनी सांगावं.

वाचनमात्र

ताई, लेक आता कशी आहे? आणि ती जागा बंद केलीत ना?

मोशीची_माती

दुसऱ्या दिवशीच दोरी बांधून घेतली. लेक खेळते, बोलते, तिला काहीच झालेलं दिसत नाही. आणि हेच मला जास्त छळतं.

कातळ

ताई, मी कॉलेजात तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं. एक गोष्ट आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात.

पुण्याची माती बेसाल्टची, म्हणजे काळा कातळ झिजून झालेली. या कातळात मुळातच क्रोमियम, निकेल, तांबं बरंच असतं. शंभर पीपीएमच्या (म्हणजे मातीच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास सहज सापडतं, त्यात कुठल्याही कारखान्याचा हात नसतो. सिंहगडाच्या उतारावरची माती तपासलीत तरी निकेल दिसेल. ते आकडे युरोपातल्या एखाद्या देशाच्या मर्यादेला लावलेत तर अख्खा सह्याद्री दूषित ठरेल. शिशाचं बरोबर उलटं आहे. बेसाल्टमध्ये शिसं अगदी थोडं असतं, दहा पीपीएमच्या आतबाहेर. म्हणून आपल्याकडच्या मातीत शंभर-दोनशे पीपीएम शिसं निघालं, तर ते माणसानेच आणून टाकलंय असं धरून चाला. आपल्या कातळाने आपल्याला दिलेली ही मोठी सोय आहे.

तेव्हा सगळे धातू मोजा, पण नकाशा पहिल्यांदा शिशाचाच काढा. आणि घोरावडेश्वरच्या डोंगरावरची, वस्तीपासून लांबची माती तुलनेसाठी घ्या. तिच्याशिवाय निकेल-क्रोमियमबद्दल एक शब्दही बोलू नका. जुन्या हमरस्त्याच्या कडेचे नमुने वेगळे ठेवा. पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं, पण मातीत पडलेलं शिसं वाहून जात नाही, वरच्या थरात चिकटून बसतं.

वरचा इंचभर थरच घ्या. पोरं फूटभर खोल हात घालत नाहीत. एका मैदानातल्या पाच जागांची माती एकत्र कालवून एक नमुना करा, सावलीत वाळवा, बारीक चाळा. दीडशे मायक्रॉनपेक्षा बारीक कण हाताला चिकटतात, तेच तोंडात जातात. खडे मोजून उपयोग नाही. मे अखेरपर्यंत उरका, एकदा पाऊस लागला की चिखल होतो.

हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (मातीवर क्ष-किरण टाकून धातू मोजणारं) मिनिट-दोन मिनिटांत आकडा देतं. पण माती ओली असेल तर आकडा कमी येतो. शिसं आणि आर्सेनिकच्या रेषा या यंत्रात जवळजवळ एकाच जागी येतात, म्हणून शिसं जास्त असलेल्या नमुन्यातल्या आर्सेनिकवर विश्वास ठेवू नका. क्रोमियम एकूण कळतं, त्यातलं विषारी किती ते कळत नाही. दर दहा नमुन्यांतला एक आम्लात विरघळवून प्रयोगशाळेत तपासून घ्या, म्हणजे यंत्र किती खरं बोलतंय ते समजेल.

शेतीच्या माती परीक्षण केंद्रात नेऊ नका. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं त्यात नाही. दोन जण तिथून ‘माती उत्तम’ असा कागद घेऊन आलेले मी पाहिलेत.

आणि एक विनंती, तुम्ही नकाशावाल्या आहात म्हणून. वीस नमुन्यांवरून संगणकाला मधल्या जागा भरायला सांगून अख्ख्या भोसरीला रंग फासू नका. बॅटरीच्या शेडचं शिसं वीस पावलांवर निम्मं झालेलं असू शकतं. ठिपके ठिपकेच राहू द्या.

मोशीची_माती

सर, शेवटचा परिच्छेद मनाला लागला. तसा एक नकाशा मी करून बसले होते. पुसला.

बालवैद्य_निगडी

मी बालरोगतज्ज्ञ. आधी ताईंसाठी: ९ ला शिसं काढायचं औषध लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मुलांना ते ४५ किंवा त्यावर देते. ‘शरीरशुद्धी’च्या नावाने कुणी काही दिलं तर मुलीला देऊ नका, अशा काही भस्मांमध्येच शिसं सापडलेलं आहे. तपासणी बोटातून थेंब काढून झाली असेल तर शिरेतून पुन्हा करा. बोटावरच्या धुळीने आकडा फुगतो. संपर्क थांबला की रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर यायला लागतं, मात्र हाडात साठलेलं हळूहळू परत रक्तात येत राहतं. म्हणून आकडा झरझर उतरला नाही तर धीर सोडू नका.

आता हिशेब. लहान मूल हात तोंडात घालून, पडलेला खाऊ उचलून दिवसाला साधारण १०० मिलिग्रॅम माती आणि धूळ पोटात घेतं असं गणितात धरतात. चिमटीत मावेल एवढी. मातीत ४०० पीपीएम शिसं असेल तर त्या चिमटीत ४० मायक्रोग्रॅम शिसं आलं. सगळं रक्तात उतरत नाही, अंदाजे ३० टक्के धरतात, म्हणजे १२. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मुलांच्या आहारातल्या शिशासाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमचा आकडा ठेवलाय, आणि खाण्यातल्या शिशाचा निम्मा भाग रक्तात उतरतो असं धरलं तरी तो जेमतेम १.१ होतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला त्याच मातीने एवढं होत नाही, कारण गिळलेल्या शिशातलं मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. अमेरिकेत अंगणातल्या मातीसाठी धरला जाणारा ४०० चा आकडा २०२४ मध्ये २०० वर आणला गेला.

यातला आपल्याकडचा वाईट भाग असा, की लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं मूल जास्त शिसं ओढून घेतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय निघाला होता. त्यामुळे एकाच मैदानात खेळणाऱ्या दोन मुलांचं रक्त सारखं येणार नाही. नकाशावर मातीच्या शेजारी हाही थर लागेल.

आणि मातीवर सगळा आळ घेऊ नका. विचारा: पितळी भांड्यांना कल्हई कोण करतं, कथिलात शिसं मिसळलेलं आहे का? सुरमा लावता का? भडक पिवळी सुटी हळद आणता का? घराचा रंग कधीचा आहे? घरगुती रंगांवर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या भिंतीचे पापुद्रे अजून पडतात. ताई, तुमचे मिस्टर काय काम करतात?

मोशीची_माती

डॉक्टरसाहेब, ते मशीन शॉपमध्ये आहेत. पितळी भाग लेथवर टर्न करतात.

बालवैद्य_निगडी

टर्निंगच्या पितळेत शिसं मुद्दाम घातलेलं असतं, चुरा सुटा पडावा म्हणून. त्यांनी कामाचे कपडे आणि बूट दाराबाहेर ठेवावेत, कपडे वेगळे धुवावेत, आणि मुलीला उचलायच्या आधी अंघोळ करावी. घरात कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसा.

मोशीची_माती

ते वाचून नवरा काहीच बोलला नाही. उठून बूट बाहेर ठेवून आला. आल्या आल्या लेकीला कडेवर घ्यायची त्याची सवय होती.

घरमालक_सेक्टर

कळकळीने लिहितोय, राग मानू नका. मी वीस वर्षांचं कर्ज काढून मोशीत फ्लॅट घेतलाय. उद्या तुमच्या नकाशात माझ्या इमारतीवर लाल ठिपका आला तर माझी सगळी पुंजी गेली. आणि त्या छोट्या शॉपमध्ये माझे गाववाले कामाला आहेत. शॉप बंद झालं तर ते गावाकडे काय करणार? तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटतं, पण हा नकाशा उघड ठेवायला माझा विरोध आहे.

मोशीची_माती

दादा, माझंही कर्ज अजून चौदा वर्षांचं आहे, त्यामुळे तुमची भीती मला कळते.

मी असं ठरवलंय. सार्वजनिक जागा, म्हणजे मैदानं, बागा, अंगणवाड्या, शाळा, या नेमक्या ठिकाणासह दाखवायच्या, कारण तिथे कुणाचंही मूल जातं. घरं कधीच नाहीत. घरचा आकडा फक्त त्या घराला द्यायचा, आणि नकाशावर मोठ्या चौकोनाची सरासरी. ज्या चौकोनात पाचपेक्षा कमी घरं तपासली तो कोरा राहील. कोरा म्हणजे हिरवा नाही, हे ठळक लिहीन. मुलांच्या रक्ताचे आकडे नकाशावर कुठल्याच रूपात येणार नाहीत, ते डॉक्टर आणि आईबापांमध्ये राहतील.

पण लाल ठिपका मी लपवणार नाही. मैदानावर स्वच्छ मातीचा थर देऊन हिरवळ लावली किंवा ब्लॉक बसवले तर पोरांचा हात त्या मातीपर्यंत पोचत नाही. ठिपका मग पुसता येतो. माहीत नसलेला ठिपका कसा पुसणार?

घरमालक_सेक्टर

घरं येणार नसतील तर ठीक आहे. आमच्या सोसायटीच्या वाळूचा नमुना घ्या. चेअरमनशी मी बोलतो.

हार्डक्रोम

मी भोसरीत प्लेटिंगमध्ये, म्हणजे भागांवर क्रोमचा मुलामा चढवायच्या कामात, ३१ वर्षं काढली. सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. कुठल्या शॉपमध्ये ते लिहीत नाही.

क्रोमच्या टाकीवर करंट चालू असताना बारीक फवारा उडतो. एक्झॉस्ट बिघडला की सगळं शॉप त्यात. आमच्यातल्या दोघांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं. तो सहा नंबरचा क्रोम. सरांनी लिहिलेला कातळातला क्रोम तीन नंबरचा, तो बराच गरीब. सहा नंबर पाण्याबरोबर पळतो आणि पिवळा डाग सोडतो. शॉपच्या मागच्या भिंतीला, गटाराच्या तोंडाशी पिवळं दिसलं तर पोरांना तिथे जाऊ देऊ नका आणि तो नमुना वेगळा काढून थेट प्रयोगशाळेत सहा नंबरसाठी द्या. सरांनी सांगितलेल्या बंदुकीसारख्या एक्सआरएफ यंत्राने ते कळायचं नाही.

आता खरी गोष्ट. घातक गाळाची सामाईक सोय रांजणगावला आहे, मोठे लोक पाठवतातही. पण मी नोकरीला लागलो तेव्हा आमचा गाळ गोणीत भरून रात्री टेम्पोत जायचा. कुठे जायचा ते कुणी विचारायचं नाही, मीही विचारलं नाही. फाउंड्रीची काळी रेती, ग्राइंडिंगचा चुरा, राडारोडा, सगळं भरावाला जायचं. ताई, तुम्ही शॉपचा नकाशा काढताय, त्यापेक्षा भरावाचा काढा. ज्या मैदानाची, ज्या प्लॉटिंगची लेव्हल दोन-तीन फूट वर आली, तिथला मुरूम कुठून आला ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. चकाकती काळी रेती दिसली की समजा. कारखाना तीन किलोमीटर लांब आणि त्याची घाण पोरांच्या पायाखाली, असं होतं.

दोन-तीन जागा मला आठवतात. मी येऊन दाखवेन. हे आधी सांगायला हवं होतं.

मोशीची_माती

काका, आता सांगताय हे आमच्यासाठी पुष्कळ आहे. मी जुन्या उपग्रहचित्रांवरून भराव झालेल्या जागा काढते, कुठली जमीन कुठल्या वर्षी सपाट झाली ते त्यात दिसतं. तुम्ही फक्त बोट ठेवा.

सेविका_चिखली

नमस्कार. मी अंगणवाडी सेविका. माझ्याकडे २८ मुलं.

सगळ्यांचं वाचलं. तुम्ही अंगणवाडीचा ठिपका नकाशावर ठेवाल, पण मुलं माझ्याकडे चार तास असतात. नंतर ती आईच्या मागे जातात. कुणाची आई भंगार वेचते, कुणाची गोदामात निवडायला जाते. मूल तिथेच वायरींच्या ढिगावर बसतं. तांबं काढायला वायर जाळतात, त्या राखेत मुलं काठीने रेघोट्या ओढतात. हे माझ्या रजिस्टरमध्ये नाही, रजिस्टरमध्ये घरचा पत्ता आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची गोदामं आणि शेड पाडली. कितीतरी माणसांचं काम गेलं, माझी काही मुलं तेव्हा निघून गेली. राहिलेल्यांना मोकळी जमीन मिळाली. मोठी मुलं क्रिकेट खेळतात, धाकटी बाजूला बसून उकरतात. खिळे, सेलचे तुकडे, काय काय घेऊन येतात. वर्षानुवर्षं भंगार पडलेली ती जमीन आहे, तिची माती कुणी उचलली नाही.

माती खाणारी तीन मुलं मला माहीत आहेत. आया लाजतात म्हणून सांगत नाहीत. त्यांना रागावू नका, अंगात रक्त कमी असलं की मूल माती खातं. माझं म्हणणं एवढंच, मुलं कुठे असतात ते नकाशात शोधू नका, मला विचारा. प्रत्येक मुलाची दिवसभराची जागा मी सांगू शकते. आमच्या बीटमधल्या बाकीच्या सेविकाही सांगतील.

मांजरीचा_मळा

आमच्या मांजरी गावात, पुण्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या पाण्यावर भाजी निघते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शहराचं वापरलेलं पाणी कालव्यात येतं, त्यावरही. पालक-मेथी कॅडमियम मुळातून वर ओढते. शिसं मात्र बहुतेक पानाला चिकटलेल्या मातीतून येतं. पालेभाजी भरपूर पाण्यात दोन-तीनदा खळबळून धुवा, पहिलं पाणी फेकून द्या. आमची नातवंडं बांधावरच वाढतात, म्हणून आमच्या मळ्याचाही एक नमुना घ्या.

कातळ

सेविकाताईंनी लिहिलं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. ताई, तुमचा मूळ थर हाच करा: मूल, जागा, तास. मातीचे आकडे त्याला जोडा. १०० पीपीएमच्या जागी रोज पाच तास बसणारं मूल ४०० च्या जागेवरून फक्त जाणाऱ्या मुलापेक्षा जास्त अडचणीत असू शकतं.

कागदी बाजूही बघून ठेवली. दूषित स्थळांसाठी केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये निघाले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी करायची आणि पुढची तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायची, अशी त्यात रचना आहे. आपली फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात त्या यादीसाठीच द्यायची. तक्रार म्हणून दिली तर ती कुठेतरी अडकेल.

मोशीची_माती

ठरलं तर. पहिल्या फेरीत पन्नासच जागा. सेविकाताईंच्या सांगण्यावरून तीस, काकांच्या भरावाच्या दहा, सोसायट्यांच्या वाळूच्या पाच, मांजरी गावच्या मळ्याची एक, आणि घोरावडेश्वरच्या चार. प्रत्येक पिशवीवर नंबर, खोली, तारीख, आणि तिथे कुठल्या वयाची मुलं किती वेळ असतात ते. नाव नाही. यंत्र एका महाविद्यालयाकडून दोन दिवसांसाठी मिळतंय. खोदताना हातमोजे घाला, आणि पोरांना बरोबर आणू नका.

लेकीची शिरेतून पुन्हा तपासणी केली, ६.८. आमच्या मागच्या जागेच्या मातीत शिसं निघालंच, पण सगळ्यात जास्त निघालं ते दारातल्या पायपुसण्याच्या धुळीत. शेडची माती आणि नवऱ्याचे बूट, दोन्ही तिथेच यायचे.

सेविका_चिखली

ताई, माती चाळायला मैद्याची चाळणी चालेल का?

मोशीची_माती

नाही हो, तिची भोकं मोठी असतात. आणि पितळी जाळी तर अजिबात नको, तिचंच तांबं, जस्त आणि शिसं मातीत उतरेल. नायलॉनची किंवा स्टीलची हवी, दीडशे मायक्रॉनची. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे नायलॉनची जाळी मीटरवर मिळते, भोक किती मायक्रॉनचं ते विचारून घ्यायचं.

सेविका_चिखली

मग जाळी मी आणते, माझा भाचा त्याच कामाला आहे. आणि अंगणवाडीचा नमुना आवारातला घेणार असाल तर पायरीजवळचाही घ्या. मुलं तिथे चपला काढतात, आणि खाऊ मिळाला की तिथेच बसून खातात.